अमर रहे

मिनतवाडीच्या पतसंस्थेचे चेअरमन रंगराव आप्पा बोलण्यात भारी उदार. जवान नोकरीत असेपर्यंत त्याच्या कर्जाला निम्मंच व्याज, हा नियम त्यांनीच वाजतगाजत काढला. त्याच भरवशावर फौजेतल्या हणमंतानं घरासाठी कर्ज उचललं. घराचा स्लॅब ओतून झाला, पण वास्तुशांतीआधीच हणमंता तिरंग्यात गुंडाळून आला.

वर्षश्राद्ध उरकतंय तोच त्याच्या बायकोला, मंदाला, संस्थेची नोटीस आली. हणमंता गेला त्या दिवसापासून पूर्ण व्याज भरा म्हणे. मंदा नोटीस घेऊन तडक आप्पांच्या केबिनमध्ये शिरली.

"सूनबाई, माझाही जीव तुटतो गं," आप्पा म्हणाले, "पण सवलत नोकरीतल्या जवानाला. हणमंता आता नोकरीत कुठंय?"

मंदानं खिडकीबाहेर बोट दाखवलं. चौकात आप्पांनीच लावलेला फलक होता. त्यावर हणमंताच्या फोटोपेक्षा आप्पांचाच फोटो मोठा.

"खाली काय लिहिलंय, जरा वाचा की आप्पा."

आप्पांनी घसा खाकरला. "वीर जवान हणमंत अमर रहे."

"अमर आहेत ना? मग नोकरीतनं कमी कधी झाले? नाहीतर तिथं 'मेला' असं लिहा, पूर्ण व्याज आत्ता भरते."

बाहेर बसलेले सभासद दारातून डोकावू लागले. आप्पांनी मुकाट्यानं नोटीस फाडली.

मंदा घरी येऊन त्या स्लॅबखाली बसून राहिली. शेवटच्या सुट्टीत हणमंतानं विचारलं होतं, "नोकरीची मुदत संपत आलीय. हप्ते फिटेपर्यंत वाढवून घेतो, चालेल ना?"

त्या दिवशी तिला साधं 'नको' म्हणायलाही सुचलं नव्हतं.