बँकेच्या पत्त्यावर धुकं

खाडीवरचं धुकं बँकेच्या पायरीपर्यंत आलं होतं. आत पेंगत फिरणाऱ्या पंख्याखाली निरगुडकर मॅनेजर सत्यवती कुबलला शहाणपण शिकवत होते. तिचा मुलगा परदेशी बंदरात, जहाजावर. बहिणीच्या फीचे पैसे पाठवायला त्याला बँकेचा स्विफ्ट कोड हवा होता. संध्याकाळी जहाज सुटलं की महिनाभर फोन बंद.

"मावशी, आपल्या शाखेला तसला कोडच नाही. जगाला ही शाखा ठाऊकच नाही, तर पैसे येणार कुठे? तालुक्याला खातं उघडा."

सत्यवती खिडकीबाहेर बघत राहिली. धुक्यातून पोस्टमनची सायकल तरंगत यावी तशी येत होती.

"साहेब, तुमच्या घराला वेगळा पिनकोड आहे?"

"एकट्या घराला कसा असेल? अख्ख्या गावाला मिळून एक."

"मग पत्र तुमच्या दारात कसं पोचतं?"

"पोस्टात येतं. पुढे नाव बघून पोस्टमन आणतो."

"तसंच करा की. मुंबईच्या मुख्य शाखेचा कोड द्या. पैसे तिथं उतरतील, पुढे खातेनंबर बघून तुम्ही आणा."

साहेबांनी साशंकपणे मुख्य शाखेला फोन लावला.

"जमेल हो," सत्यवती मायेनं म्हणाली, "आमचा पोस्टमन सातवीच शिकलाय."