शंभरावा दाखला

"उद्या दरबार उठायच्या आत दामोदरवैद्यांच्या ग्रंथाचे शंभर दाखले दाखवा, नाहीतर त्यांची सगळी हत्यारं लोहाराच्या भट्टीत!"

मांदारपूरच्या भूपकेतू राजाची ही दवंडी ऐकली आणि सगुणाचा वस्तरा थबकला. कवटी उघडण्याआधी रोग्याचं डोकं भादरायचं, हे तिचं शल्यशाळेतलं काम. आज समोर बसली होती तिची स्वतःची आई. आईच्या डोक्यात गाठ झाली होती आणि दामोदरवैद्य ती उद्याच काढणार होते!

हा सगळा उपद्व्याप राजवैद्य विश्वंभरशास्त्र्यांचा. ज्याचं नाव इतरांच्या ग्रंथांत जास्त वेळा येतं, म्हणजे ज्याचे दाखले जास्त, तोच मोठा वैद्य, हे त्यांनी राजाच्या मनात भरवलं होतं. मेंदूवर त्यांचे तीनशे बारा ग्रंथ, आणि दाखले चार हजार! मेहुण्याच्या ग्रंथात शास्त्रीबुवा, शास्त्रीबुवांच्या ग्रंथात मेहुणा. मेहुणीने लोणच्यांची पोथी लिहिली, तर तिच्यातही होतं, 'बरणीचं तोंड घट्ट बांधावं, पाहा : विश्वंभरशास्त्रीकृत कवटीचे सांधे.' दामोदरवैद्यांची बिचाऱ्यांची एकच सोळा पानांची पोथी. दाखला एकही नाही! "लिहायला बसलो की कुणीतरी डोकं धरून येतं," ते म्हणायचे.

सगुणा उठलीच.

"अगं, मला अर्धी भादरून कुठं निघालीस?" आई ओरडली.

"दरबारात! आलेच!"

राजापुढे जाऊन ती म्हणाली, "महाराज, दाखले मी आणते."

"तू? लिहिता-वाचता येतं का?"

"वस्तरा चालवता येतो, महाराज."

"बरं. पण एक जरी कमी पडला, तर तुझा वस्तराही भट्टीत!"

आता मांदारपूरची एक रीत होती. कवटी उघडण्याआधी ज्याने डोकं भादरलं, बरं झाल्यावर पहिले केस त्याच्याकडूनच कापून घ्यायचे आणि त्याला नारळ द्यायचा. त्यामुळे कोण बरं झालं, कुठं राहतं, हे सगुणाला तोंडपाठ होतं. ती दिवसभर दारोदार हिंडली.

दुसऱ्या दिवशी दरबारात रांग लागली. कुंभार, माहूत, दोन पैलवान, एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन जावा!

"माना वाकवा!" सगुणा म्हणाली. सगळ्यांनी केस बाजूला केले. प्रत्येकाच्या कानामागे चंद्रकोरीसारखा व्रण.

"हे काय?" राजा चक्रावला.

"दाखले, महाराज. असा छेद फक्त दामोदरवैद्य देतात. बाकीचे सरळ कापतात."

"दाखला ग्रंथातच असावा लागतो!" शास्त्रीबुवा कडाडले.

"ग्रंथात नाव घालायला थोडी शाई पुरते, बुवा. यांनी डोकी दिलीत!"

राजाला हे पटलं. तो स्वतःच उतरून मोजू लागला. माहूत म्हणाला, "सरकार, माझे दोन धरा, दोन गाठी होत्या."

"एका डोक्याला एकच!" राजा म्हणाला. शेवटच्या पैलवानाचा कान तपासून तो थांबला. "नव्याण्णव."

"नव्याण्णव!" शास्त्रीबुवा नाचायचेच बाकी राहिले. "एक कमी! पेटवा भट्टी!"

"शब्द म्हणजे शब्द," हट्टी राजा म्हणाला. दरबारात बोलावलेल्या दामोदरवैद्यांनी हत्यारांची पेटी पुढे ठेवली.

सगुणा शांतपणे शास्त्रीबुवांसमोर जाऊन उभी राहिली. "बुवा, पगडी काढा."

"हा काय चावटपणा!"

"तीन वर्षांपूर्वी तुम्ही काशीला गेलात असं सगळ्यांना सांगितलंत. त्या महिन्यात तुमचं डोकं मीच भादरलं होतं!"

"काढा पगडी!" राजा गरजला.

पगडी उतरली. कानामागे ठसठशीत चंद्रकोर!

"घरात तीनशे बारा ग्रंथ असताना तुम्ही दामोदरवैद्यांकडे गेलात?" राजाने विचारलं.

"महाराज," शास्त्रीबुवा पुटपुटले, "प्रश्न माझ्या डोक्याचा होता!"

राजा असा हसला की मुकुट घरंगळत जावांच्या पायाशी गेला आणि तो कुणी उचलायचा यावरून दोघी भांडू लागल्या. "शंभर भरले!" डोळे पुसत राजा म्हणाला. "पोरी, तुला चांदीचा वस्तरा! आणखी काय हवं?"

"दामोदरवैद्य हवेत, महाराज, आत्ताच्या आत्ता. आई वाट बघतेय."

राजाने आपली पालखी दिली. सगुणा आणि दामोदरवैद्य आत बसले आणि हत्यारांची पेटी बोडक्या डोक्यावर घेऊन पुढे चालू लागले ते राजवैद्य विश्वंभरशास्त्री!