सेनापती कुठे आहेत?

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाच्या पायवाटांवर आता रानं माजली आहेत.

एका राज्यात हैबतराव नावाचे सेनापती होते. सात गड त्यांनी जिंकले होते. प्रत्येक विजयानंतर राजाने त्यांना काही ना काही दिलं होतं. कधी सोन्याचा तोडा, कधी रत्नजडित कमरपट्टा, कधी नवा किताब. हैबतराव हे सगळं अंगावर वागवत. झोपतानासुद्धा तोडा काढत नसत. कुणी नुसतं "रावसाहेब" म्हटलं, तर त्यांना राग येई. किताबांसकट पूर्ण नाव घ्यायला हवं!

एकदा ते शिकारीला निघाले. समोरून एक दांडगा रानडुक्कर उधळला. हैबतरावांनी त्याच्यामागे घोडा दौडवला. साथीदार केव्हाच मागे राहिले. झुडपं ओलांडत घोडा वाऱ्यासारखा धावत होता, तोच तो अचानक बिचकला आणि हैबतराव उडून पडले ते थेट एका जुन्या विहिरीत!

विहिरीला कठडा नव्हता, पायऱ्या नव्हत्या. पाणी खोल होतं. अंगावरचं चिलखत त्यांना खाली ओढू लागलं. नशिबाने भिंतीतून उंबराचं एक मूळ बाहेर आलं होतं. हैबतरावांनी ते दोन्ही हातांनी घट्ट पकडलं.

"अरे, कोण आहे का तिकडे?"

बाजाराला निघालेले दोन शेतकरी धावत आले. एकाच्या खांद्यावर बैलाचा लांब कासरा होता.

"कोण हाय आत?"

"कोण म्हणून काय विचारता!" हैबतराव गरजले. "सात गडांचा विजेता, राज्याचा आधारस्तंभ, रणधुरंधर सेनापती हैबतराव!"

दोघांचे हात आपोआप जोडले गेले.

"सरकार, तुम्ही? आमच्या विहिरीत?"

"दोर टाका!"

"ह्यो बैलाचा कासरा? तुमच्यासाठी? छे छे, पाप लागंल आम्हाला! थांबा सरकार, पाटलांना घेऊन येतो."

आणि दोघे गावाकडे पळत सुटले!

थोड्या वेळात सगळं गाव लोटलं. पाटलांनी नवा फेटा बांधला होता. कुणी रेशमी दोर शोधायला धावलं, कुणी हार आणायला. पहिला हात पाटलांनी लावायचा की पुजाऱ्यांनी, यावर वाद पेटला. "आधी वाजंत्री होऊ द्या!" पाटील ओरडले. ढोल घुमले, ताशे कडाडले, शिंग फुंकलं गेलं.

खाली उंबराचं मूळ कडाकडा वाजू लागलं होतं. हैबतराव जीव तोडून ओरडत होते, पण ढोलांच्या दणदणाटात त्यांचा आवाज कुणाला ऐकू जाणार!

तेवढ्यात ठकू नावाची एक धनगरीण तिथे आली. ढोलांनी तिच्या मेंढ्या बुजल्या होत्या, म्हणून ती भांडायलाच आली होती. गर्दीतून वाट काढत तिने विहिरीत डोकावून पाहिलं आणि वळून अशी ओरडली, की ढोल गप्प झाले.

"कोण आहेस रे बाबा?" तिने खाली विचारलं.

"सात गडांचा..." हैबतरावांच्या तोंडात पाणी शिरलं. मूळ निम्मं तुटलं. पुढचे शब्द त्यांना आठवेनात. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी विनवलं. "बाई, मी बुडतोय. मला भीती वाटतेय. वाचव मला!"

"अगं बाई!" ठकूने शेतकऱ्याच्या खांद्यावरचा कासरा हिसकावला आणि खाली सोडला. "धर! आणि ते अंगावरचं लोखंड, सोनं टाकून दे आधी, नाहीतर दोर तुटेल!"

हैबतरावांचा हात तोड्याकडे गेला आणि क्षणभर थबकला. मूळ आणखी एकदा कडाडलं.

डुबुक! तोडा गेला. डुबुक! कमरपट्टा गेला. मग चिलखतही गेलं. ठकूने हाक दिली, दोन्ही शेतकऱ्यांनी कासऱ्याला हात घातला आणि तिघांनी मिळून जोर लावला. ओल्या धोतरानिशी, चिखलाने माखलेला एक माणूस काठावर येऊन पडला.

पाटील हार घेऊन पुढे झाले. त्यांनी त्या माणसाला ओलांडलं, विहिरीत वाकून पाहिलं आणि घाबरून विचारलं, "अरे, सेनापती कुठे आहेत?"

सगळे विहिरीत पाहू लागले. एकटी ठकू त्या माणसाकडे पाहत होती. तिने आपलं घोंगडं त्याच्या खांद्यावर टाकलं आणि ताकाचं गाडगं पुढे केलं.

हैबतराव ताक घटाघटा प्याले. पाठीवर ऊन पडलं होतं. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. तोडा नव्हता, किताब नव्हता, तरी श्वास चालूच होता! त्यांना हसू फुटलं. ते इतके मोठ्याने हसले, की मेंढ्या पुन्हा बुजल्या.

पुढे त्यांनी त्या विहिरीला भक्कम कठडा बांधून घेतला आणि तिथे एक जाड दोर कायमचा ठेवला. आत पडलेल्याला नाव न विचारता वर काढायचं, असा हुकूम दिला. विहिरीतलं सोनं मात्र त्यांनी कधीच शोधायला लावलं नाही.

मुलांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: जे मिळवलं ते आपलं असतं, पण ते म्हणजे आपण नसतो.