दोन भोकांची भाकरी

भाकरी थापताना तिला मुद्दाम बोटांनी भोकं पाडणारी बाई तुम्ही कधी पाहिली आहे का?

भोक पडलं की भाकरी फुगत नाही, हे लहान पोरींनाही ठाऊक असतं. तरी आमच्या गावात ईस्टरची पहिली भाकरी दोन भोकांची असते आणि ती बस्त्यावच्या घरच्या चुलीवरच होते. मी त्याच घरची सून. तळ्याला वेढा घालून तो काळा खडक पडलाय ना, खाडीच्या बाजूला, तिथून ही गोष्ट सुरू होते.

तो खडक पूर्वी जिवंत नाग होता, असं सांगतात. खाडीचं खारं पाणी त्यानंच अडवून धरलेलं, म्हणून तळं गोडं. पण दरवर्षी तो एक माणूस मागायचा. नाही दिलं तर अंग बाजूला घ्यायचा, आणि मग गावातल्या विहिरीसुद्धा खारट व्हायच्या. म्हणून टोपलीत शिंपल्या ठेवत. सगळ्या पांढऱ्या, एक काजळी फासलेली. ज्यानं त्यानं न बघता एक उचलून गावचा मुखी बस्त्याव याच्या हातात द्यायची. काळी आली की तो नाव पुकारायचा.

त्या वर्षी काळी शिंपली त्याच्याच मुलीच्या, फिलूच्या हाताला लागली. तिच्या मागे रेमेत उभी होती. एकटी विधवा, गावातल्या म्हाताऱ्यांना पाणी भरून देणारी. बस्त्यावनं दोघींच्या शिंपल्या एकाच मुठीत घेतल्या आणि रेमेतचं नाव पुकारलं.

आपली शिंपली पांढरी होती, हे रेमेतला ठाऊक होतं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. एवढंच म्हणाली म्हणे, "माझ्या कोंबड्यांना दाणे टाकायला फिलूला पाठवा, बस्त्यावभाऊ."

सूर्य बुडताना ती हात पुढे धरून पाण्यात उतरली. नागाचे दात तिच्या तळहातांतून आरपार गेले, ते काठावरच्या सगळ्यांनी पाहिलं. मग पाणी मिटलं. त्या रात्री कुणाच्या घरी चूल पेटली नाही.

फादर सांगतात, यात आपल्या प्रभूचीच सावली आहे. नाग, निर्दोष जीव, हातांच्या जखमा, भाकरी, सगळं तेच. माझ्या सासूबाई त्यांना म्हणायच्या, "अर्थ मागून सांगा फादर, आधी गरम आहे तोवर खा."

आजही पाहुणे ऐकून दचकतात, की ज्यानं फसवलं त्याच्याच घरी हा मान कसा. आम्ही त्यांना फक्त पुढचं सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाग दगड होऊन पडला होता. बस्त्यावची बायको पोरीसाठी भाकरी थापत होती, तेवढ्यात दारात रेमेत उभी राहिली. केस ओले, आणि तळहातांतून पलीकडचा उजेड दिसत होता. बायकोची दोन बोटं भाकरीतून आरपार गेली. बस्त्यावनं फिलूला मागे ओढलं. रेमेतनं फिलूला विचारलं, "कोंबड्यांना दाणे टाकलेस का गं?" फिलूनं मान डोलावली. मग रेमेत चुलीपाशी टेकली आणि म्हणाली, "टाक तशीच तव्यावर. भूक लागलीय."

ती दोन भोकांची भाकरी टम्म फुगली. रेमेतनं ती मोडली आणि पहिला तुकडा बस्त्यावच्या हातात दिला.