पागोट्याची गाठ

कविराज विश्वंभरपंतांनी भर दरबारात विहिरीत मेलेल्या नवऱ्यावरची ओवी म्हटली आणि राजानं हातातलं सोन्याचं कडं उतरवलं. ‘त्याच्याच पागोट्याची गाठ त्याच्या गळ्याला’ या ओळीला तर सगळ्यांनी माना डोलावल्या.

मुदपाकखान्यात पीठ पोचवायला आलेली साळू दरबाराच्या दाराशीच थबकली. ही ओवी ती पहाटे एकटी जात्यावर बसून म्हणायची. ती सरळ आत आली.

“महाराज, ओवी माझी आहे.”

पंत हसले. “शपथेवर सांगतो, यातला एक शब्दही मी कुणाकडून ऐकलेला नाही.”

“मग यांना धरा,” साळू म्हणाली. “माझा धनी पाय घसरून विहिरीत पडला, असंच गाव समजतं. सासूला दिसू नये म्हणून ती गाठ मी कुणी यायच्या आत सोडली. ती ठाऊक आहे मला, नाहीतर मारणाऱ्याला.”

पंतांनी हात जोडले. “हिच्या परसात लपून ऐकली, महाराज,” ते कसेबसे म्हणाले.

राजानं कडं साळूपुढे धरलं. तिनं हात पुढे केला नाही.

“कडं राहू द्या. गाठीला सगळ्या दरबारानं दाद दिली. ती मारली कुणी, हे आता तरी विचारा.”