भागाईचा जीवखडा

मांजरा नदी पिंपळदऱ्याजवळ वळण घेते, तिथे काठावर महादेवाचं लहानसं देऊळ आहे. मोगलाईच्या काळात त्या देवळाच्या ओवरीत रंगोबा महाराजांचा मुक्काम होता. महाराज मूळचे कुठले, हे गावाला कधी कळलं नाही. कुणी विचारलंच तर ते हसून म्हणत, "आता इथं बसलोय, दिसत नाही का?" देवळाच्या खालीच गावाचा घाट. कुणाच्या घरी मर्तिक झालं की माणसं क्रियाकर्म आटोपून वर येत आणि ओवरीशी थांबत. महाराज उपदेश फारसा करीत नसत. पाण्याचा तांब्या पुढे सरकवीत आणि शेजारी बसून राहत.

एका वर्षी वामनराव देशमुख हैदराबादेहून वकिलीची सनद घेऊन गावी परतले. माणूस हुशार, आणि प्रश्न विचारायची भारी हौस. देव नैवेद्य खातो की नुसता वास घेतो, इथून सुरुवात करून ते कुणालाही, कुठेही गाठत. प्रश्न विचारणं काही वाईट नाही, भाविकहो! पण वामनरावांना उत्तर मिळण्यापेक्षा समोरच्याची बोलती बंद होण्यात अधिक गोडी वाटे. स्वतःचे वडील गेले तेव्हा त्यांनी सगळं क्रियाकर्म एका सकाळीत उरकायला लावलं होतं आणि दुपारी ते कोर्टात हजर होते.

त्या पौषात सटवाजी बुरुडाची आई, भागाई, वारली. सटवाजी सुपं-टोपल्या घेऊन लांबच्या बाजाराला गेला होता. निरोप मिळताच तो धावत आला, पण तोवर तिरडी बांधून तयार होती. जाताना म्हातारीने दोनदा पाणी मागितलं आणि लेकाच्याच हातचं पाहिजे म्हणून दुसऱ्या कुणाचं घेतलं नाही, असं शेजारणीने सांगितलं. म्हातारी तहानलेली गेली, हे एवढंच त्याच्या डोक्यात घर करून राहिलं.

स्मशानात लेक पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन चितेभोवती फिरतो आणि त्या मडक्याला दगडाने भोकं पाडतात. तो दगड टाकून द्यायचा नसतो. त्याला जीवखडा म्हणतात. शास्त्री लोक अश्मा म्हणतात. दहाव्यापर्यंत तोच गेलेल्या माणसाच्या ठिकाणी, आणि पाणी द्यायचं ते त्यालाच. सटवाजीने जीवखडा फडक्यात बांधून घाटावरच्या करंजाला टांगला. रोज सकाळी तो खाली घेई आणि त्यावर तिळाचं पाणी सोडी. नागेशभटजींचा मंत्र संपला तरी याचा तांब्या खाली होत नसे. "पी आये, सावकाश पी. म्या हाय हितं," असं त्याचं चालू राही.

वामनरावांनी हे पाहिलं आणि त्यांना राहवेना.

"भटजी, दगडच का? फूल का नाही, सुपारी का नाही?"

"शास्त्रात आहे."

"शास्त्रात का आहे?"

भटजींनी गंधाची वाटी उगाच इकडची तिकडे केली. "पूर्वीपासून आहे," ते म्हणाले.

वामनराव खूश झाले. मग ते सटवाजीकडे वळले. "काय रे, पिते का म्हातारी?"

"पीत आसंल, मालक. मला अडाण्याला काय कळतंय? पर पानी घातलं की हाताला बरं वाटतंय."

घाटावरची दोन-चार मंडळी फिदीफिदी हसली. सटवाजीने मान खाली घालून तांब्या पुन्हा भरला.

वामनराव तडक ओवरीत गेले आणि महाराजांनाही त्यांनी तोच प्रश्न घातला. महाराजांनी त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं.

"प्रश्न चांगला आहे," महाराज म्हणाले. "पण वकीलसाहेब, तो तुम्ही तोंडानं विचारलात. कधी हातानं विचारून बघा."

ही पळवाट आहे, असं वामनरावांना वाटलं. पण घरी गेल्यावर त्यांना चैन पडेना. एका दगडात आणि दुसऱ्या दगडात फरक तो काय असणार? हा बुरूड तरी आपला दगड ओळखतो का? ज्याला पुरावा लागतो, त्याने प्रयोग करावा, असं त्यांनी मनाशी ठरवलं. दहाव्याच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, घाट रिकामा पाहून ते करंजापाशी गेले. फडकं सोडलं, जीवखडा काढला आणि तसाच काळा, वाटोळा दगड नदीतला उचलून आत बांधला. भागाईचा जीवखडा त्यांनी पाण्यात भिरकावून दिला. डुबुक असा आवाज झाला आणि वामनराव हात झटकून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सटवाजीचे भाऊबंद घाटावर जमले. सटवाजीचं मुंडन झालं, भाताचे पिंड वळून ठेवले, नागेशभटजी मंत्र म्हणू लागले. सटवाजीने फडकं सोडून दगड हातात घेतला, पाण्याची धार धरली आणि मध्येच थांबला. पुन्हा धार धरली, पुन्हा थांबला.

"भटजी, आज हात चालंना. काय झालंय कळंना."

वामनरावांना आता हसू आवरेना. "चालणार कसा? अरे, तुझी आई कालच पोहायला गेली! हा तर मी ठेवलेला दगड. अर्धा तांब्या ओतलास की यावर, काय फरक पडला? सांगा भटजी, कुठं काय बिघडलं?"

कुणीच हसलं नाही. भटजींनी पोथी मिटली. खडा हरवला, आता दुसरा घेऊन सगळं पहिल्यापासून करावं लागेल, असं ते पुटपुटले. सटवाजी रागावला नाही, ओरडलाही नाही. तो नदीकडे बघत म्हणाला, "दुसरा घीन हो. पर आजवर जी आय पानी प्याली, ती कुठं गेली? तवाबी तानलेली गेली, आन् आताबी तशीच." आणि एवढा जाणता माणूस लहान पोरासारखा रडू लागला.

वामनरावांच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी राहिलं. तेवढ्यात रंगोबा महाराज पायऱ्या उतरून आले. सगळ्यांना वाटलं, आता वकिलाची खरडपट्टी निघणार. पण महाराज शांतपणे म्हणाले, "वकीलसाहेब, टाकलात तुम्ही. शोधूनही तुम्हीच आणा."

वामनराव धोतर खोचून पाण्यात उतरले. कुठे टाकला ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण तळाशी हात घातला, तर तिथे सगळे काळे आणि सगळेच वाटोळे. यातला कुठलाही नेला तर कोण खोटं पाडणार आहे? तो खडा ओळखणारा साक्षीदारच नव्हता. त्यांनी त्यातल्या त्यात बरा दिसणारा दगड उचलला आणि काठावर आणला.

"हाच," ते म्हणाले.

"छान," महाराज म्हणाले. "मग त्याच्या हातात द्या, आणि सांगा, ही घे तुझी आई."

वामनरावांनी दगड पुढे केला. सटवाजीने दोन्ही हात पसरले आणि मोठ्या आशेने वकिलाच्या तोंडाकडे पाहिलं. आणि काय आश्चर्य! कोर्टात घोळवून घोळवून बोलणाऱ्या वामनरावांच्या तोंडून शब्द फुटेना. कुठलाही दगड चालतो असं सांगणारा माणूस कुठलाही दगड देऊ शकेना. त्यांनी हात मागे घेतला आणि ते पुन्हा पाण्यात शिरले.

या वेळी ते खरंच शोधू लागले. पौषातलं पाणी, बोटं बधिर झाली. उचलायचा, चाचपायचा, सोडायचा. ऊन चढत चाललं आणि काठावर पिंड तसेच पडून होते. चाचपता चाचपता त्यांना उगाचच आठवलं, की वडिलांना आपण शेवटचा हातसुद्धा लावला नव्हता, कोर्टाची घाई होती. त्यांचे डोळे भरून आले. "देवा, एवढा सापडू दे," असं ते आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले.

आणि तळाशी त्यांच्या बोटांना ऊब लागली.

त्या गारठ्यात एकच दगड कोमट होता! जित्या माणसाचा हात असतो, तेवढा कोमट. वामनराव दचकले. हातातून सुटेल म्हणून त्यांनी तो दोन्ही मुठींत छातीशी धरला आणि काठावर येऊन सटवाजीच्या ओंजळीत ठेवला. या वेळी काही सांगावं लागलं नाही. "आये!" एवढंच सटवाजी म्हणाला, आणि त्याने पाण्याची धार धरली. धार पडताच दगडातून बारीकशी वाफ निघालेली साऱ्या घाटाने पाहिली. तांब्यामागून तांब्या रिकामा झाला. शेवटी सटवाजी स्वतःच थांबला. "आता बास म्हनती," तो म्हणाला. पिंड मांडून तो मागे सरतो न सरतो, तोच करंजावरून कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

मग नागेशभटजी म्हणाले, "सटवाजी, आता खड्याला तेल लाव आणि नदीत सोड."

वामनराव चमकले. खवचटपणा पार निघून गेला होता, पण प्रश्न मात्र उरला होता, आणि तो त्यांनी भीतभीतच विचारला. "महाराज, मी कालच तो नदीत टाकला होता. आजही तो नदीतच जायचा. मग मी असं काय वेगळं केलं?"

"तिकडं बघा," महाराज म्हणाले.

सटवाजी गुडघाभर पाण्यात उभा होता. आईच्या डोक्याला लावावं तसं त्याने खड्याला हळूहळू तेल लावलं, ओंजळ पाण्याखाली नेली आणि तो तसाच थांबला. बोटं उघडेनात. घाटावर कुणी घाई केली नाही. मंत्र थांबला होता. बऱ्याच वेळाने त्याची बोटं एकेक करून सुटली आणि तो म्हणाला, "जा आये. आता माझी काळजी करू नगंस."

"माणूस गेला की त्याचा देह एका दिवसात जातो," महाराज म्हणाले, "पण आपले हात त्याला सोडत नाहीत. त्यांना धरायला काहीतरी लागतं. फूल सुकतं, फळ नासतं, म्हणून दगड. गेलेल्याला वाट सापडावी आणि राहिलेल्याची मूठ उघडावी, यासाठी हे दहा दिवस. काल तुम्ही फेकलात, वकीलसाहेब. आज त्यानं सोडलं."

वामनराव महाराजांच्या पायांवर पडायला वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि नदीकडे बोट केलं. तेव्हा वामनराव ओल्या कपड्यांनिशी पुन्हा पाण्यात उतरले आणि त्यांनी सटवाजी बुरुडाचे पाय धरले. सटवाजी गडबडून गेला, "आवो मालक, हे काय!" म्हणू लागला. वामनरावांनी मान वर केली नाही. "सटवाजी," ते म्हणाले, "माझ्या वडिलांना मी पाणी दिलेलं नाही. कसं द्यायचं, ते मला शिकव."

सटवाजीने त्यांना हाताला धरून उठवलं, तांब्या नदीत बुडवून भरला आणि त्यांच्या हातात दिला.