कुंकू लावलेला डोळा

टँकरचे भाग अजून आपसांत बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. डिझेल वाहणाऱ्या एका टँकरवर मालकाने दोन कॅमेरे बसवले. पुढचा रस्ता बघे, मागचा नुसता व्हॉल्व्ह. डेपोत बसून नलूताई दोन्ही पडद्यांवर लक्ष ठेवत.

दसऱ्याला ड्रायव्हर घोलपकाकांनी गाडीची पूजा केली आणि मागच्या कॅमेऱ्याच्या भिंगावरच मायेने कुंकवाचं बोट टेकवलं. कॅमेरा फुलून गेला.

"अरे, डोळ्यात कुंकू घेऊन बघणार कसा?" बाजूच्या आरशाने विचारलं.

"तुला लावलं नाही, म्हणून पोटात दुखतंय होय?"

संध्याकाळी घाटात व्हॉल्व्ह घाबरून म्हणाला, "दादा, मी गळतोय. एक ठिणगी पडली तर काकांसकट सगळे जळू. ताईंना दाखव ना."

कॅमेऱ्याने पाहिलं, तर सगळं लाल. नलूताईंनाही लालच दिसत होतं. त्यांना वाटलं, सूर्य मावळतोय.

एवढा मान मिळाल्यावर आपल्याला दिसत नाही हे सांगायचं कसं? शेवटी कॅमेऱ्याने स्वतःहून डोळा मिटला आणि पडदा काळा झाला.

लगेच केबिनमधल्या स्पीकरवर नलूताईंचा आवाज आला, "काका, मागचं काहीच दिसत नाही. गाडी बाजूला घ्या."

काका फडकं घेऊन मागे आले, तर खाली डिझेल ठिबकत होतं. त्यांनी आधी व्हॉल्व्ह घट्ट केला, मग भिंग पुसलं.

पुढच्या दसऱ्याला कुंकवाचं बोट जवळ येताच कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकला.

"हो रे बाबा," काका म्हणाले, "कपाळालाच लावतो."